स्वतःच्याच घरातली मूर्ती का चोरावी लागते?

एका मुलीला पॅरिसच्या म्युझियममधून एक छोटीशी संगमरवरी मूर्ती चोरायचीय, आणि ती मूर्ती तिच्याच घरची आहे. म्हणजे वडिलांच्या मालकीची, वडिलांनीच हौसेने प्रदर्शनाला दिलेली, प्रदर्शन संपलं की आपोआप घरी परत येणारी. तरी तिला ती चोरायचीय, आणि तीसुद्धा दोन-तीन दिवसांत, नाहीतर वडील तुरुंगात जातील.

१९६६ सालच्या 'हाऊ टू स्टील अ मिलियन' या सिनेमाची सगळी गंमत या एका गोष्टीत आहे. मी तो बऱ्याच जणांना दाखवलाय आणि दर वेळी मध्यावर कुणीतरी विचारतंच, "अरे पण ती चोरतेय कशाला, तिचीच आहे ना?" त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर विमा, नकली कला, दगडाचं वय आणि अलार्म असं सगळं थोडं थोडं समजून घ्यावं लागतं, आणि ते समजलं की सिनेमा दुप्पट आवडतो. म्हणून हे लिहितोय. गोष्ट शेवटपर्यंत सांगणार आहे, पाहिला नसेल तर आधी पाहून या.

थोडक्यात ओळख. दिग्दर्शक विल्यम वायलर, ज्याने 'रोमन हॉलिडे' आणि 'बेन-हर' केला तोच. नायिका ऑड्री हेपबर्न, नायक पीटर ओ'टूल, जो चारच वर्षांपूर्वी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मधे वाळवंटात उंटावर होता आणि इथे सुटाबुटात इतका गोड दिसतो की विचारू नका. हेपबर्नचे कपडे जिवांशी या फ्रेंच फॅशन डिझायनरचे. संगीत कुणाचं तर जॉनी विल्यम्सचं, म्हणजे पुढे 'जॉज' आणि 'स्टार वॉर्स' करणारे जॉन विल्यम्स. शूटिंग पॅरिसमधे.

आता गोष्ट. शार्ल बॉने हा पॅरिसमधला श्रीमंत संग्राहक, घरभर सेझान आणि व्हॅन गॉग. जगाला वाटतं की पिढीजात संग्रह आहे. प्रत्यक्षात घराच्या माळ्यावर एका कपाटामागे चोरखोली आहे आणि तिथे बसून ही चित्रं तो स्वतः रंगवतो. पैशांसाठी करतो असंही पूर्ण म्हणता येणार नाही, त्याला त्याचा खरोखर अभिमान आहे. तो मुलीला सांगतो की व्हॅन गॉगने स्वतः हयातीत एकच चित्र विकलं, मी त्याच्या स्मरणार्थ दोन विकली. मुलगी निकोल, म्हणजे हेपबर्न, प्रामाणिक आहे, तिला हे सगळं भयंकर वाटतं, पण बाप आहे, काय करणार.

आणि घरात एक व्हीनसची मूर्ती आहे. कर्ता म्हणून नाव कुणाचं तर बेनव्हेनुतो चेल्लिनीचं. खरी कुणी केली तर निकोलच्या आजोबांनी, आणि समोर मॉडेल म्हणून उभी होती तिची आजी. बापाला मोह आवरत नाही आणि तो ती क्लेबेर-लाफायेत नावाच्या म्युझियमला प्रदर्शनासाठी देऊन टाकतो (हे म्युझियम काल्पनिक आहे, शोधायला जाऊ नका).

इथे जरा थांबून चेल्लिनीच का ते बघू, कारण लेखकाने हे नाव उगाच घेतलेलं नाही. चेल्लिनी १५०० साली जन्मला, फ्लॉरेन्सचा सोनार आणि शिल्पकार. त्याचं आत्मचरित्र जगप्रसिद्ध आहे, त्यात मारामाऱ्या, तुरुंग, पोप, राजे सगळं आहे आणि आपण काय काय घडवलं त्याची लांबलचक वर्णनंही आहेत. पण त्यातलं प्रत्यक्ष उरलेलं काम फार थोडं. फ्लॉरेन्सच्या चौकातला ब्राँझचा पर्सियस, फ्रान्सच्या राजासाठी केलेलं सोन्याचं मीठदान, आणि मोजकंच आणखी काही. आता नकली माल करणाऱ्याच्या डोक्याने विचार करा, त्याला असाच माणूस हवा असतो, नाव खूप मोठं आणि शिल्लक काम कमी, म्हणजे "हरवलेलं एक सापडलं" म्हटलं की लोकांचा पटकन विश्वास बसतो, कारण काहीतरी सापडेल याची ते वाटच बघत असतात.

हे पुस्तकी वाटत असेल तर हान व्हान मेगेरेनचं प्रकरण बघा. हा डच चित्रकार. व्हर्मीर या मोठ्या चित्रकाराची चित्रं अगदी मोजकी, आणि अभ्यासकांना वाटायचं की तरुणपणी त्याने धार्मिक चित्रंही काढली असणार, फक्त ती सापडत नाहीयेत. मेगेरेनने नेमकं तेच चित्र काढलं. १९३७ साली अब्राहम ब्रेडियस या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या जाणकाराने ते पाहून अस्सल ठरवलं आणि पुढच्या वर्षी ते रॉटरडॅमच्या म्युझियममधे लागलंसुद्धा. एवढंच नाही, त्याचं दुसरं एक 'व्हर्मीर' युद्धकाळात नाझी नेता हरमान गोरिंगकडे गेलं. युद्ध संपल्यावर देशाचा ठेवा नाझींना विकला म्हणून मेगेरेनला अटक झाली, तेव्हा त्याला कबूल करावं लागलं की तो ठेवा मीच घरी रंगवलाय. कुणी मानेना. शेवटी पहारेकऱ्यांच्या देखत त्याने आणखी एक 'व्हर्मीर' काढून दाखवलं!

बरं, परत पॅरिसला. मूर्ती म्युझियममधे पोचली, उद्घाटन झालं, लोक रांगा लावून बघताहेत. मग विम्याचा माणूस घरी येतो, दहा लाख डॉलरची पॉलिसी, इथे सही करा. बाप खुशीत सही करतो. आणि सही झाल्यावर कळतं की या कागदाने आपण मूर्तीच्या शास्त्रीय तपासणीला परवानगी दिली, तज्ज्ञ येतोय, तारीखसुद्धा ठरली. आता मूर्ती परत मागितली तर संशय, नाही मागितली तर बिंग फुटणार.

विमा म्हणजे नक्की काय ते या ठिकाणी समजून घेतलं पाहिजे. आपण एलआयसीचा किंवा मेडिक्लेमचा फॉर्म भरतो तेव्हा त्यात विचारतात, शुगर आहे का, बीपी आहे का. तुम्ही 'नाही' लिहिलं आणि खरं 'हो' असेल तर पुढे क्लेम नाकारला जाऊ शकतो. सगळा विमा याच पायावर उभा आहे, की वस्तूबद्दल जे महत्त्वाचं आहे ते मालकाने खरं सांगायचं, कारण कंपनीपेक्षा ते मालकालाच जास्त माहीत असतं. आता मूर्तीच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची माहिती कुठली? ती कुणी घडवली ही. चेल्लिनीची असेल तर दहा लाख, आजोबांची असेल तर फार तर दगड आणि मजुरी. दगड तोच, आकार तोच, दिसतेही तशीच, आणि किंमत मात्र सगळी त्या नावात.

कलावस्तूंचा विमा बऱ्याचदा आधी ठरवलेल्या किमतीला असतो, कारण मूर्ती फुटल्यावर बाजारभाव काढणार कुठून, तशी दुसरी नसतेच. आणि उसनी दिलेली वस्तू असेल तर मालकाच्या भिंतीवरच्या खिळ्यापासून निघून प्रदर्शन करून परत त्याच खिळ्याला अडकेपर्यंत संरक्षण, याला त्या धंद्यात 'खिळा ते खिळा' असंच म्हणतात. मोठ्या देशांत सरकारंही ही जबाबदारी उचलतात, अमेरिकेत १९७५ पासून त्यासाठी कायदा आहे. फ्रान्समधे राष्ट्रीय म्युझियमच्या स्वतःच्या वस्तूंचा खासगी विमा काढलेला नसतो, नुकसान सरकारचं. १९ ऑक्टोबर २०२५ ला पॅरिसच्या लूव्र म्युझियममधून दिवसाढवळ्या काही मिनिटांत राजघराण्याचे दागिने गेले, ८ कोटी ८० लाख युरोचे, तेव्हा हे बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं. पण बाहेरच्या माणसाने उसनी दिलेली मूर्ती असेल तर विमा लागतोच, आणि बॉनेची व्हीनस अशीच उसनी.

खऱ्या आयुष्यात विमा कंपनी दर मूर्तीमागे शास्त्रज्ञ घेऊन धावत नाही हे सांगायला हवं, बहुतेक वेळा जुने कागद आणि जाणकारांचं मत यावर भागतं. सिनेमाने तिथे थोडी मोकळीक घेतलीय. पण घेतलीय ती अगदी योग्य जागी. कारण बघा, म्युझियमवाले म्हणतात बॉनेंचा संग्रह नावाजलेला आहे, पिढ्यान्‌पिढ्या घरात आहे, मग खरीच असणार. बघायला येणारे म्हणतात एवढ्या मोठ्या म्युझियमने ठेवलीय, मग खरीच असणार. पेपरवाले म्हणतात एवढे लोक बघायला येताहेत. प्रत्येक जण दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे आणि मूर्ती स्वतः कुणी तपासलेलीच नाही. विमा कंपनी ही त्या अख्ख्या साखळीतली पहिली आहे जिचे स्वतःचे पैसे अडकणारेत, म्हणून ती पहिल्यांदा विचारते, तपासली कुणी?

म्हणून निकोलला चोरी करावी लागते. तिला मूर्ती नकोच आहे, तिला तपासणी व्हायला नकोय, आणि जी वस्तू जागेवरच नाही तिची तपासणी होत नाही.

आता तपासणी केली असती तर काय सापडलं असतं? हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, जरा सावकाश सांगतो. चित्र असेल तर काम सोपं, कारण रंग बोलतात. प्रत्येक रंगाचा एक जन्मदिवस असतो. टायटॅनियमचा पांढरा रंग विसाव्या शतकात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि नंतर बाजारात आला, त्यामुळे १९१४ च्या म्हणून दाखवलेल्या चित्रात तो सापडला की विषय संपला. वोल्फगांग बेलट्राकी नावाचा जर्मन याच एका ट्यूबमुळे पकडला गेला, २००६ साली कोलोनच्या लिलावात लाखो युरोंना गेलेल्या चित्रात तो रंग निघाला आणि २०११ मधे त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. सिनेमातही नायक रात्री घरात घुसतो तो व्हॅन गॉगच्या रंगाचा कण काढून न्यायला, चोरायला नाही, पण हे आपल्याला नंतर कळतं.

आणखी एक सुंदर पद्धत आहे. जुन्या चित्रांत पांढरा रंग शिशापासून करायचे. शिशाच्या खनिजात थोडं रेडियम असतं आणि त्यातून शिशाचाच एक किरणोत्सारी प्रकार सतत तयार होत असतो. टाकी डोळ्यासमोर आणा, वरून नळाने पाणी येतंय आणि खालून गळतंय, त्यामुळे पातळी स्थिर. धातू गाळताना बहुतेक रेडियम मळीत निघून जातं, म्हणजे वरचा नळ जवळजवळ बंद झाला. आता टाकीत आहे ते पाणी फक्त गळत राहणार, साधारण दर २२ वर्षांनी अर्धं. चित्र तीनशे वर्षांचं असेल तर टाकी जवळपास रिकामी हवी आणि फक्त नळाच्या थेंबाथेंबाइतकी ओल उरायला हवी. टाकी अजून भरलेली दिसली तर नळ आत्ता आत्ता बंद केलाय, म्हणजे रंग नवा. १९६८ मधे बर्नार्ड केश या अमेरिकन शास्त्रज्ञाने या पद्धतीने मेगेरेनची चित्रं तपासली आणि रंग नवाच निघाला. सिनेमा आल्यावर दोनच वर्षांनी!

पण दगड? इथे खरी अडचण आहे. संगमरवराचं वय काढून उपयोग काय, तो लाखो करोडो वर्षांपूर्वीचाच असणार, चेल्लिनीने घेतलेला असो की आजोबांनी. आपल्याला हवाय तो छिन्नी चालवली तो दिवस, आणि तो दगडात कुठे लिहून ठेवलेला नसतो. मग आडवळणाने जावं लागतं. दगडातल्या कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या, म्हणजे त्यांच्या हलक्या-जड प्रकारांच्या, प्रमाणावरून तो कुठल्या खाणीतला त्याचा अंदाज येतो. छिन्नीच्या खुणा बघतात, हत्यार हाताचं की यंत्राचं. अतिनील प्रकाशात जुना हवा खाल्लेला पृष्ठभाग वेगळा चमकतो आणि ताजा कापलेला जांभळट दिसतो. पण हे सगळे अंदाज आहेत, आणि हुशार माणूस जुना दगड वापरून, वर माती-आम्ल लावून बरंच काही लपवू शकतो.

अमेरिकेतल्या गेटी म्युझियमने १९८५ मधे एक ग्रीक तरुणाची उभी मूर्ती विकत घेतली. पृष्ठभागाच्या तपासणीत ती आधी जुनी वाटली, मग शंका आल्या. कागदपत्रांत १९५२ सालचं म्हणून एक पत्र होतं आणि त्यावर जो पिनकोड होता तो १९७२ पर्यंत अस्तित्वातच नव्हता. पत्र खोटं निघालं, पण पत्र खोटं म्हणून मूर्ती खोटी असं काही सिद्ध होत नाही. कित्येक वर्षं त्या मूर्तीखाली पाटी होती, इसवीसनपूर्व सुमारे ५३० किंवा आधुनिक नक्कल. ही 'किंवा' असलेली पाटी मला फार प्रामाणिक वाटते.

निकोलच्या घरच्या गोष्टीला सगळ्यात जवळची खरी गोष्ट मात्र बर्लिनची. १९०९ साली विल्हेल्म फॉन बोडे या बड्या म्युझियम संचालकाने फ्लोरा देवीचा मेणाचा अर्धपुतळा घेतला, लिओनार्दोचा म्हणून. लगेच इंग्लंडमधून एक म्हातारा पुढे आला, म्हणाला हा पुतळा माझ्या वडिलांनी केलाय, रिचर्ड लुकास त्यांचं नाव, आणि आत काय भरलंय तेही मी सांगू शकतो. उघडून बघितलं तर आत खरंच एकोणिसाव्या शतकातलं सामान निघालं. तरी बोडे हटेना, म्हणाला लुकासने फक्त डागडुजी केली असेल. भांडण शंभर वर्षं चाललं. त्यात मेण व्हेलच्या डोक्यातून निघणारं, आणि समुद्रातला कार्बन जमिनीवरच्यापेक्षा मुळातच जुना दाखवतो, त्यामुळे कार्बन-डेटिंगचा, म्हणजे कार्बनवरून वय काढायचा, हिशोब चुकायचा. शेवटी २०२१ मधे ती सुधारणा धरून मोजलं आणि एकोणिसावं शतक पक्कं झालं. म्हणजे मुलगा खरंच सांगत होता. सिनेमात नातीला बरोबर उलटं करायचंय, आजोबांनी केली हे कुणाला कळू नये म्हणून ती जिवाचं रान करते.

मूर्ती बोलत नसेल तर तिचा प्रवास विचारतात, कुणाकडून कुणाकडे आली त्याची साखळी. आपल्याकडे हे अगदी अलीकडे सगळ्यांनी जवळून पाहिलंय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मधे साताऱ्याच्या संग्रहालयात उसनी आली, लोकांनी डोळे भरून पाहिली. त्या म्युझियमकडची साखळी साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्यापासून सुरू होते, पेटीवर तसा मजकूरही आहे, पण त्याच्या मागची, म्हणजे थेट अफजलखान प्रसंगापर्यंतची कडी जुळवता येत नाही असं त्या म्युझियमने स्वतःच नोंदवून ठेवलंय. वस्तू जुनी असणं, आणि ती 'तीच' असणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दुसऱ्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही, त्यासाठी कागदच लागतात.

आता चोरी. निकोलने रात्री घरात एका देखण्या चोराला पकडलेलं असतं, सायमन डर्मॉट, म्हणजे ओ'टूल, आणि चुकून गोळी सुटून त्याच्या दंडाला लागते. पोलिसांना बोलवावं तर ते भिंतीवरची चित्रं बघणार, म्हणून तीच त्याला गाडीतून त्याच्या हॉटेलवर सोडते, पॅरिसमधल्या अतिमहागड्या रिट्झवर! मग अडचण आल्यावर तिला हाच एक चोर ओळखीचा, म्हणून ती त्याच्याकडे जाते. तो खरा कोण आहे? नकली कलावस्तू शोधून काढणारा आणि म्युझियमच्या सुरक्षेतला जाणकार. बॉनेच्या चित्रांवर संशय आला म्हणूनच तो घरात आलेला. आणि ती त्यालाच सांगते, मला मदत कर.

मूर्तीभोवती प्रकाशकिरणांचं कुंपण आहे. एका बाजूने अदृश्य किरण सोडायचा, समोर तो पकडणारा सेल, किरण तुटला की घंटा. किरण कुठून जातात माहीत असलं तरी त्याचा काही उपयोग नाही, मूर्ती उचलायला हात घालावाच लागणार. मग सायमन काय करतो, दोघं दिवसाच म्युझियमच्या जिन्याखालच्या झाडू-बादल्यांच्या खोलीत लपतात, पहारेकरी बाहेरून कुलूप लावून किल्ली भिंतीवर अडकवतो, सायमन आतून चुंबकाने भिंतीपलीकडची ती किल्ली सरकवत सरकवत आणतो (किल्ली लोखंडाची हवी आणि भिंत पातळ, पितळी असती तर सगळा बेत तिथेच संपला असता), आणि मग खिशातून काढतो बूमरँग. फेकलं, किरण तुटला, घंटा बोंबलली, पहारेकरी धावले, पोलिसांच्या गाड्या आल्या, आणि मूर्ती जागेवर.

बूमरँगच का, हे लक्षात आलं का? चेंडू फेकला असता तर जमिनीवर चेंडू सापडला असता. बूमरँग परत हातात येतं. म्हणजे घंटा वाजायला काहीच कारण दिसत नाही, आणि माणसाचं मन काय निष्कर्ष काढतं, की यंत्र बिघडलंय. पुन्हा फेकलं, पुन्हा घंटा, पुन्हा काही नाही. वरून ओरडा बसतो, झोपमोड झालेले लोक वैतागतात, आणि शेवटी पहारेकरी स्वतःच्या हाताने अलार्म बंद करून टाकतात.

लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलाला झालेली शिक्षा म्हणून ऐकलीय, पण त्यामागे साधा हिशोब आहे. समजा एखाद्या म्युझियममधे दहा वर्षांत एकदा चोरीचा प्रयत्न होतो आणि अलार्म महिन्याला दोनदा उगाच वाजतो. दहा वर्षांत २४० खोट्या घंटा आणि एक खरी. आता रात्री दोन वाजता घंटा वाजली तर पहारेकऱ्याने काय समजावं? तो आळशी नसतो, मूर्खही नसतो, त्याचा अनुभवच त्याला सांगतो की काही नसणार, आणि २४१ पैकी २४० वेळा तो बरोबरच असतो. चोरी जितकी दुर्मिळ तितका अलार्मवरचा विश्वास कमी. हॉस्पिटलच्या आयसीयूमधे सतत वाजणाऱ्या मशिनांच्या बाबतीत नर्सेसना हाच त्रास होतो.

आणि आता जे सांगतो ते ऐकून मी स्वतः थक्क झालो होतो. चेल्लिनीचं ते सोन्याचं मीठदान व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहे. ११ मे २००३ च्या पहाटे ते चोरीला गेलं. इमारतीला दुरुस्तीसाठी बाहेरून परांची बांधलेली होती, चोर त्यावरून चढला, खिडकी फोडली, काच फोडली, मीठदान घेतलं. अलार्म वाजला. पहारेकऱ्यांनी तो खोटा समजून परत सेट केला. सिनेमातली चेल्लिनीची मूर्ती खोटी होती, पण ३७ वर्षांनी खरा चेल्लिनी नेमका त्याच कारणाने गेला! चोर कोण निघाला तर अलार्म बसवायच्या धंद्यातलाच माणूस. जानेवारी २००६ मधे ते ऑस्ट्रियातल्याच एका जंगलात पेटीत पुरलेलं सापडलं. विकलं का नाही? कारण इतकी ओळखीची वस्तू घेणार कोण, जगातल्या प्रत्येक जाणकाराला ती कुठून गेली ते माहीत.

सिनेमाने या प्रश्नाचंही उत्तर शोधून ठेवलंय. डेव्हिस लेलंड नावाचा अमेरिकन धनाढ्य त्या व्हीनससाठी इतका वेडा झालाय की तिच्याजवळ पोचता यावं म्हणून निकोलला लग्नाची मागणी घालतो. सायमन त्याला मूर्ती देतो, अट अशी की कुणाला कधी दाखवायची नाही. बघा हे किती चोख बसतं. चोरीची म्हणून तो दाखवू शकत नाही, दाखवत नाही म्हणून कुणी तपासत नाही, तपासत नाही म्हणून ती कायम चेल्लिनीचीच राहते. एका दगडात लग्नाचं संकटही टळतं.

बाहेर पडायची युक्ती तर आणखी साधी. चोरी लक्षात आल्यावर गोंधळ होतो, मूर्तीच्या जागी पहारेकऱ्याची दारूची रिकामी बाटली उभी असते, सगळे धावताहेत, आणि निकोल सफाईवाल्या बाईच्या कपड्यात फरशी पुसतेय, मूर्ती बादलीत. जिवांशीच्या कपड्यांशिवाय जिला आपण पाहिलेलंच नाही ती हेपबर्न जाड्याभरड्या झग्यात, आणि कुणी तिच्याकडे वळूनही बघत नाही. १९११ मधे मोनालिसा लूव्रमधून नेणारा विन्चेन्झो पेरुज्जाही तिथल्या कामगारांचा पांढरा अंगरखा घालूनच वावरत होता. झाडू-पोछा करणाऱ्या माणसाचा चेहरा कुणी बघत नाही, त्यावर अख्खी चोरी तरून जाते, मला हे दर वेळी थोडं टोचतं.

आता प्रेमाचं. हा सिनेमा रोमँटिक कॉमेडी का म्हणायचा, तर त्या झाडूच्या खोलीमुळे. दोघांना तिथे तासन्‌तास अंग चोरून बसायचंय, बोलायचं तर कुजबुजत. आणि तिथे कळतं की मूर्ती खोटी आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं. कसं? दगड तपासून नाही, रंग खरवडून नाही. व्हीनस निकोलसारखी दिसते. आजीचा चेहरा दगडात उतरला आणि तोच नातीत. सगळं म्युझियम त्या मूर्तीकडे बघत होतं, पण निकोलकडे नीट बघणारा तोच एक होता. ज्याचा धंदाच नकली माल पकडायचा, तो सगळं कळूनसुद्धा तिच्यासाठी तो माल पळवतो आणि "का?" म्हणून तिने विचारल्यावर त्याचं उत्तर शब्दांत येत नाही. इतकी साधी गोष्ट वायलर कुठेही घाई न करता दाखवतो. आजच्या वेगाची सवय असेल तर पहिला अर्धा तास थोडा संथ वाटेल, पण थांबा, त्या खोलीपर्यंत पोचा.

शेवटी बाप शपथ घेतो की आता नकली चित्रं बंद. सायमन आणि निकोल गाडीत बसून निघतात, आणि तेवढ्यात दारात एक परदेशी गिऱ्हाईक उतरतं, त्याच माळ्यावरच्या नव्या मालासाठी. सायमन विचारतो, कोण हा? निकोल क्षणभरही न अडखळता सांगते, चुलत भाऊ आहे. सायमन तिच्याकडे बघतो आणि म्हणतो की नुकतंच खोटं बोलायला लागलेल्या माणसाच्या मानाने तुझा हात चांगला बसलाय, आणि गाडी पुढे जाते.